उपवास सुटल्यानंतरचे ताट

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त हिवरे बाजार येथे झालेल्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मेळाव्याच्या समितीने 'आहार आणि वजन' हा विषय मला दिला तेव्हा मी त्यांना स्पष्टच म्हणालो, की मी डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञही नाही. मी बी.कॉम. झालेला, चाळीस वर्षे नगरच्या कापड बाजारात मीटर हातात धरून उभा राहिलेला माणूस. त्यावर समितीतील एका तरुण सदस्याने मला नम्रपणे उत्तर दिले, ''काका, तुमचे वजन चार वेळा कमी झालेले आणि तीन वेळा पुन्हा वाढलेले आम्ही पाहिले आहे. एवढा अनुभव समाजात दुसऱ्या कोणाला नाही.'' युक्तिवाद बिनतोड होता. म्हणून मी आपल्यापुढे उभा आहे.

आज सकाळी आपण सर्वांनी या गावात फेरी मारली. येथे वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एके काळी गावातील माणसे रोजगारासाठी बाहेर जात होती. १९८९-९० पासून श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने काय घडवले, हे मी नव्याने सांगण्याची गरज नाही; २००७ चा राष्ट्रीय जलपुरस्कार आणि २०२० चा 'पद्मश्री' यांनी ते देशापुढे आले आहे. हिशेबाचा माणूस म्हणून माझे लक्ष मात्र एका गोष्टीकडे गेले. हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला ते मोजायचे, माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढायचे आणि उरलेल्या पाण्यावर कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरवायचे. ऊस नाही, केळी नाही, शेतीसाठी बोअरवेल नाही. पाणी अडवण्याचे काम अनेक गावांनी केले. परंतु अडवलेले पाणी कोणत्या पिकाला द्यायचे हा प्रश्न ज्यांनी सोडवला नाही, त्यांच्याकडे उन्हाळ्यात पुन्हा टँकर आले.

आपल्या समाजाचे खाण्याच्या बाबतीत तसेच काहीसे झाले आहे, असे मला नम्रपणे वाटते. 'न खाण्याची' शिस्त आपल्याइतकी दुसऱ्या कोणत्या समाजात असेल असे वाटत नाही. नवकारसी, पोरसी, बियासणे, एकासणे, आयंबिल, उपवास, अठ्ठाई, मासखमण. केवढी मोठी परंपरा! परंतु उपवास सुटल्यावर ताटात काय येते, याचा विचार मात्र आपण हलवाई आणि आचारी यांच्यावर सोपवलेला आहे.

येथे एक खुलासा आधीच करतो. तपाचे प्रयोजन कर्मनिर्जरा आहे, वजन घटवणे नाही. तपाविषयी सांगण्याचा अधिकार साधु-साध्वीजींचा आहे आणि त्या क्षेत्रात मी पाऊल टाकणार नाही. मी बोलणार आहे ते ताटाविषयी आणि या देहाच्या जमाखर्चाविषयी.

प्रथम माझ्या धंद्यातील एक निरीक्षण सांगतो. मी गादीवर बसू लागलो त्या काळात छत्तीस इंची पन्ह्याचे सव्वादोन मीटर कापड पूर्ण बाह्यांच्या शर्टाला बहुतेक गिऱ्हाइकांना पुरत असे. अडीच मीटर मागणारा म्हणजे पैलवान किंवा पोलीस. पुढे पुढे चाळिशीतले व्यापारी, मास्तर, बँकेतले कर्मचारी अडीच मीटर मागू लागले. गंमत अशी, की यांपैकी अनेकांचे हातपाय काडीसारखे, खांदे अरुंद आणि वाढलेले फक्त पोट. शिंपी म्हणायचे, ''शेठ, छाती अडतीस आणि पोट बेचाळीस, याला माप तरी कोणते म्हणायचे?''

या प्रश्नाचे उत्तर पुण्यात सापडलेले आहे. तेथील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांमधील गरोदर माता आणि त्यांची बाळे यांचा १९९३ पासून अभ्यास केला. या बाळांचे जन्माचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बाळांचे साधारण ३.५ किलो. आपली बाळे लहान, बारीक. परंतु त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. दिसायला कृश आणि आतून मेदयुक्त, अशी ही ठेवण आपण जन्मतःच घेऊन येतो. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीराची मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्यात २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना सारखेच प्रमाणपत्र देत होता.

म्हणूनच आपल्या लोकांसाठी कमरेचे माप अधिक महत्त्वाचे मानतात. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा सांगितली जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत शंभरातील सुमारे ११ प्रौढांना मधुमेह आणि जवळजवळ ४० जणांचे पोट या मर्यादेच्या पुढे गेलेले आढळले.

आता माझा स्वतःचा जमाखर्च. २०१६ मध्ये माझे वजन ८६ किलो, कंबर १०४ सेंटिमीटर, आणि रक्तातील साखर तपासली तर मधुमेह निघाला. त्या वर्षी अश्विन महिन्यात मी आयंबिलची ओळी केली. श्रद्धा होतीच, परंतु खरे सांगायचे तर मनात वजनाचा हेतूही होता. नऊ दिवसांत वजन साडेतीन किलो उतरले. मला मोठा आनंद झाला; मी चार लोकांना सांगितलेही. ओळी संपते अश्विन पौर्णिमेला आणि बरोबर पंधरा दिवसांनी येते दिवाळी. पाडव्याला वही-पूजन झाल्यावर मी काट्यावर उभा राहिलो, तर वजन ८७!

हे असे का झाले, याचा हिशेब मी पुढे मांडून पाहिला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० उष्मांक, ज्याला आपण कॅलरी म्हणतो. माझे रोजचे खाणे सुमारे २,१०० कॅलरींचे होते असे धरू आणि आयंबिलात ते १,३०० वर आले असे मानू. रोजची तूट ८००. नऊ दिवसांची ७,२००. म्हणजे पुरती एक किलोही चरबी गेली नाही. मग उरलेले अडीच किलो कोणते? बहुतांशी पाणी. आपल्या यकृतात आणि स्नायूंत पिष्टाचा एक साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे कमी झाले की शरीर प्रथम तो साठा मोडते आणि पाणी सुटते. थोडे स्नायूही झिजतात. पारण्यानंतर शिरा-पुरी पोटात गेली की साठा भरतो, पाणी परत येते. मी ज्याला नफा समजत होतो, ती पुष्कळशी उधारीवरची विक्री होती.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की देह हा आपल्या मुनीमजींसारखा नुसती नोंद करणारा कारकून नव्हे. उत्पन्न घटले की तो स्वतःच खर्च कमी करतो. आपण दिवसभरात जी ऊर्जा खर्च करतो, तिच्यातील साठ ते सत्तर टक्के भाग हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे चालू ठेवण्यात आणि शरीर उबदार राखण्यातच जातो. यालाच विश्रांतीतील चयापचय म्हणतात. अमेरिकेत दूरदर्शनवरील वजन घटवण्याच्या एका स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी केली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अल्पावधीत प्रचंड वजन घटवलेल्या या लोकांपैकी बहुतेकांचे वजन पुष्कळसे परत आले होते. तरीही त्यांचे शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमीच खर्च करीत होते. घाईने केलेल्या काटकसरीचा शरीरावर असा दीर्घकाळ परिणाम राहू शकतो.

आपण सारे आणखी एक सबब सांगतो, 'वय झाले, आता चयापचय मंदावले.' मीही पंचेचाळिसाव्या वर्षापासून ती सांगत आलो. परंतु २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात २९ देशांतील ६,४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांवर आधारलेला अभ्यास आला. शरीराच्या आकाराचा हिशेब जमेस धरला तर वयाच्या विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत चयापचयाचा वेग जवळजवळ स्थिर राहतो. साठीनंतर तो वर्षाला पाऊण टक्क्याहूनही थोडा कमी दराने घटतो. म्हणजे माझी सबब साठीपर्यंत खोटी होती. आता ती थोडी खरी झाली आहे, पण तोवर पोट सुटून बसले होते.

मग पंचेचाळिसाव्या वर्षी बदलले होते काय? बदलले होते ताट आणि बदलले होते चालणे. माझे वडील माळीवाड्यातून दुकानात पायी येत. मी स्कूटरवर येऊ लागलो. वडिलांच्या डब्यात बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, ताक. माझ्या डब्यात पोळी-भाजी असेच, परंतु गल्ल्याच्या खालच्या कप्प्यात शेव-चिवड्याचा डबाही असे. गिऱ्हाइकाला चहा मागवला की आपलाही एक व्हायचा. शंभर ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे पाच पोळ्यांइतक्या. पाच पोळ्या खाल्ल्या तर पोट सांगते, 'बास'. शेव मात्र बोलता बोलता संपते आणि दीड वाजता पुन्हा जेवणाची भूक शिल्लकच!

हे माझ्या एकट्याचे दौर्बल्य नव्हते, असे पुढे वाचून मला समाधान वाटले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डॉ. केविन हॉल यांनी २० माणसांना चार आठवडे तेथेच ठेवून एक प्रयोग केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले, अतिप्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ आणि दोन आठवडे साधे, घरगुती पद्धतीचे अन्न. दोन्ही वेळा पुढे ठेवलेल्या अन्नातील साखर, स्निग्धांश, मीठ आणि चोथा यांचे प्रमाण जुळते ठेवले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. तयार पदार्थांच्या आठवड्यांत तीच माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होती आणि त्यांचे वजन ०.९ किलो वाढले. साध्या अन्नावर ते तेवढेच घटले. संयम तोच, माणसे तीच. बदलले होते ते फक्त अन्न. पोटावर ताबा नाही म्हणून आपण एकमेकांना जो दोष देतो, तो देताना हा प्रयोग आठवावा.

पचनाचाही खर्च असतो आणि तो प्रत्येक अन्नाला वेगळा. प्रथिने पचवताना त्यांच्यातील ऊर्जेचा वीस ते तीस टक्के भाग खर्ची पडतो, पिष्टमय पदार्थांना पाच ते दहा टक्के आणि तेला-तुपाला फार तर तीन टक्के. शिवाय प्रथिनांनी पोट अधिक काळ भरलेले वाटते, आणि वजन उतरत असताना स्नायू टिकवायचे तर प्रथिने हवीतच. आपल्या ताटाची खरी उणीव येथेच आहे. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. सत्तर किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम. आता आपल्या घरातील दिवस मोजून पाहा. सहा पोळ्यांतून अठरा-वीस ग्रॅम, दोन वाट्या पातळ वरणातून आठ-दहा, चहाच्या व पिण्याच्या दुधातून सहा-सात, वाटीभर दह्यातून तीन-चार. बेरीज चाळिशीच्या आसपासच राहते. आपण शाकाहारी आहोत हे कारण नाही. मूग, मटकी, चवळी, हरभरा, शेंगदाणे, दूध, दही, पनीर हे सर्व आपल्याला चालते. शंभर ग्रॅम कोरड्या मुगात चोवीस ग्रॅम प्रथिने असतात. परंतु आपले वरण इतके पातळ असते, की तळाशी डाळ शोधावी लागते. (घरी हे वाक्य मी बोललो नाही, येथे व्यासपीठाचे संरक्षण आहे म्हणून बोलतो.)

तिथीच्या दिवशी हिरवी भाजी वर्ज्य असते. त्या दिवशी कडधान्य शिजवण्याची उत्तम संधी असते. प्रत्यक्षात काय होते? गट्टे, पापडाची भाजी, तळलेल्या मंगोड्या, कढी आणि सोबत फरसाण. हिरवी भाजी सोडली, तिच्या जागी तेल आले. तेलाचाही एक हिशेब सांगतो, तो गृहिणींनी घरी जाऊन पडताळावा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा एक डबा संपत असेल, तर माणशी रोज अडतीस ग्रॅम तेल होते, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. यात तूप धरलेले नाही आणि बाहेरून आणलेले फरसाणही धरलेले नाही.

येथे बाजरी-ज्वारीविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले आणि भाकरी पुन्हा प्रतिष्ठित झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु भाकरीने वजन आपोआप उतरते, असे नाही. बाजरी, ज्वारी, गव्हाची कणीक, तांदूळ, यांपैकी काहीही घ्या. शंभर ग्रॅममध्ये ३२० ते ३६० कॅलरीच असतात. भाकरीचा गुण असा, की तिच्यात पांढऱ्या तांदळापेक्षा आणि मैद्यापेक्षा चोथा पुष्कळ जास्त असतो, ती चावावी लागते, आणि दीड-दोन भाकरींवर माणूस थांबतो. तिच्यावर तुपाची धार आणि सोबत गुळाचा खडा वाढत गेला, तर तो गुण तेथेच संपतो.

आता सर्वांच्या मनातील प्रश्न. किती वेळा खावे? या विषयावर महाराष्ट्रात दोन पक्ष पडलेले आपण पाहिले. मुंबईच्या श्रीमती ऋजुता दिवेकर यांनी २००९ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा सल्ला दिला. पुढे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीच्या आधारे, दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवावे, मध्ये काही खाऊ नये आणि पंचेचाळीस मिनिटे चालावे, असे गावोगाव व्याख्याने देऊन सांगितले. त्यांची पद्धत ऐकून आमच्या एका ज्येष्ठ श्राविकाबाईंनी विचारले, ''हे तर बियासणेच झाले की! मग नवीन काय?'' प्रश्न मार्मिक होता. आपल्या बियासण्यात पंचावन्न मिनिटांचे घड्याळ नाही, पण एका आसनावर बसून जेवणे आणि उठल्यावर पुन्हा न खाणे, ही मर्यादा तीच.

चौविहाराचेही तसेच. सूर्यास्तापूर्वी जेवण आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारसी, म्हणजे बारा-तेरा तासांचा खंड रोज मिळतो. दिवसा शरीर साखरेचा निचरा रात्रीपेक्षा अधिक चांगला करते, हेही आता मान्य झाले आहे. परंतु एका बाजूचेच सांगणे व्यापाऱ्याच्या सचोटीला शोभणार नाही. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर प्रयोग झाला, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना कमी कॅलरींचे सारखेच अन्न. एका गटाने मात्र ते सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळेत खायचे. वेळ पाळणाऱ्यांचे वजन सरासरी ८ किलो उतरले, न पाळणाऱ्यांचे ६.३ किलो, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक पुरेसा ठरला नाही. म्हणजे वजन उतरवले ते मुख्यतः कमी खाण्याने. वेळेच्या मर्यादेने कमी खाणे सोपे होत असेल, तर ती मर्यादा उपयोगी. परंतु साडेपाच वाजता दुकानात डबा उघडून, 'आता रात्रभर काही मिळणार नाही' या धास्तीने दुप्पट खाणारे आमच्या बाजारात किती तरी आहेत. मीही त्यांतलाच होतो. चौविहार निर्दोष पाळायचो आणि पोट वाढत होते.

आपल्या बाह्य तपांत अनशनानंतर लगेच ऊणोदरी सांगितली आहे. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घास, स्त्रीचा अठ्ठावीस, आणि त्याहून कमी घेणे ती ऊणोदरी, अशी मोजणी आगमांत आलेली आहे. त्यापुढे रसपरित्याग, दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, तळण या विगयींपैकी एखादी सोडणे. अठ्ठाईची शोभायात्रा निघते. ऊणोदरीची कधी कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. तिला बॅनर नाही, सांजी नाही, सत्कार नाही. कदाचित म्हणूनच ती आपल्याला आठवत नाही.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती सांगावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. २०१९ च्या चातुर्मासात मी एकासणे करीत होतो. मधुमेहासाठी मला दोन औषधे होती, त्यांतले एक ग्लिमेपिराइड. एकासणे करणार आहे हे मी डॉक्टरांना सांगितले नव्हते. ते नको म्हणतील ही भीती. गोळी मात्र सकाळी सवयीने उकळलेल्या पाण्याबरोबर घेतली. हे औषध शरीराला इन्सुलिन सोडायला भाग पाडते. पोटात अन्न असो वा नसो. साडेबाराच्या सुमारास एका गिऱ्हाइकाला साडीचा पदर उलगडून दाखवत होतो, हात थरथरू लागले, घामाने सदरा भिजला आणि मी काय बोलतो आहे ते मलाच कळेना. नोकराला वाटले, शेठ रागावले. शेजारच्या दुकानदाराकडे साखर मोजण्याचे यंत्र होते. त्यात आकडा आला ५२. त्यांनी गुळाचे पाणी पाजले. पंधरा-वीस मिनिटांत मी सावध झालो आणि सर्वांत आधी मनात आले ते असे, की माझे एकासणे मोडले! मी रस्त्यावर गाडी चालवत असतो तर काय झाले असते, हा विचार घरी गेल्यावर, सौ. रडू लागल्यावर आला.

दुसऱ्या दिवशी स्थानकात जाऊन मी आलोचना केली. साध्वीजींनी मला समजावले, की पच्चक्खाणात आगार ठेवलेले असतात आणि आजारपणामुळे असमाधी झाल्यास औषध घेण्याचा आगार त्यांत आहेच. मी तो समजून न घेताच व्रत घेतले होते. त्यानंतर मी डॉक्टरांकडे गेलो. ते रागावले नाहीत. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी वगळायची, कोणती ठेवायची, साखर केव्हा मोजायची आणि कोणत्या आकड्याला उपवास सोडायचा, हे त्यांनी एका कागदावर लिहून दिले. तो कागद आजही माझ्या पाकिटात आहे. या सभागृहात मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे आणि तरीही पर्युषणात तप करणारे पाच-पंचवीस जण तरी असतील. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, पच्चक्खाण घेण्यापूर्वी असा कागद आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. रक्तदाबाचे आणि मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर भगिनी यांनीही. माझ्या औषधाचे वेळापत्रक दुसऱ्याने उचलू नये. प्रत्येकाचा कागद वेगळा.

त्यानंतर मी काय केले, तेवढे थोडक्यात सांगतो. गल्ल्यातील डबा उठवला. दुपारच्या जेवणात प्रथम वाटीभर उसळ किंवा घट्ट डाळ आणि भाजी, मग भाकरी, ती एक. चहा दिवसातून दोनदा, बिनसाखरेचा. सायंकाळचा डबा गरम आणि हलका. मुगाचे धिरडे आणि दही, अथवा डाळीच्या खिचडीबरोबर भाजी. सकाळी पाऊण तास चालणे, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम, मांड्यांच्या स्नायूंसाठी. वजन महिन्याला किलोभरही उतरत नव्हते. कधी महिनाभर काटा हलतही नसे. अडीच वर्षांनी ते ७४ झाले आणि आज तेथेच आहे. कंबर ९२. अजून दोन सेंटिमीटर बाकी आहे, हे मी लपवत नाही. औषध बंद झालेले नाही, कमी झाले आहे.

आता विश्वस्त मंडळापुढे एक मागणी. ही मागणी मी बैठकीत मांडली होती आणि तेथे मतभेद झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांत स्वामीवात्सल्य, सामुदायिक पारणी आणि प्रभावना यांची परंपरा वाढत गेली, ती दात्यांच्या उदारतेमुळे. त्या उदारतेला मी वंदन करतो. परंतु गेल्या पर्युषणातील स्वामीवात्सल्याच्या ताटात मी मोजले. चार मिठाया, तीन तळलेले पदार्थ, पुरी, मसालेभात, आणि डाळ एका लहान वाटीत. आठ दिवस उपवास केलेल्या मुलीच्या पारण्याला मुगाचे पाणी तिने कसेबसे दोन घोट घेतले आणि लगेच आग्रहाने तिला केशरी शिरा भरवला गेला. ज्येष्ठांचे म्हणणे असे, की वर्षातून एकदाच तर होते, दात्याचे मन मोडू नये. मला ते पटते. दात्याचे मन मोडू नयेच. मिठाई एक ठेवावी, उत्तम ठेवावी, शुद्ध तुपातली ठेवावी. तळण एक असावे. उरलेल्या रकमेतून घट्ट डाळ, मुगाची उसळ, भाकरी आणि ताक भरपूर असावे. प्रभावनेत पेढ्यांच्या पुड्याऐवजी अर्धा किलो मूग किंवा भाजलेले शेंगदाणे द्यावेत. पुडीवर दात्याचे नाव तितक्याच ठळक अक्षरांत छापता येते. छपाईचा खर्च मी देईन. दीर्घ तपस्वींच्या पारण्याचे वेळापत्रक एखाद्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि ते भोजनशाळेत लावावे. हा ठराव सुवर्णमहोत्सवी वर्षात झाला, तर पुढच्या चातुर्मासापासून तो अमलात आणता येईल.

समितीने मला तीस मिनिटे दिली होती, ती संपत आली आहेत. मंडपाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर मी दुकानातील टेप आणि एक वही आणून ठेवली आहे. युवक मंडळाचे दोन सदस्य पुरुषांचे आणि महिला मंडळाच्या दोन भगिनी पडद्याआड स्त्रियांचे कमरेचे माप घेतील. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडल्यानंतर, पोट आत न ओढता. वहीत नाव लिहायचे नाही, फक्त वय आणि आकडा. पहिली नोंद मी माझी करून ठेवली आहे. पुढच्या वर्षी याच महिन्यात आपण पुन्हा मोजू. जेवणाची व्यवस्था पलीकडच्या झाडाखाली आहे. आज पिठले, बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि ताक आहे, आणि होय, एक मिठाईही आहे.

 बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.